पंप चालूच राहिला

दाजी, तुम्ही गेल्यापासून मला एका जागी बसवत न्हाई. बदनापूरला ऑफिसात फाइल उघडतो आणि उगाच उठून पाणी प्यायला जातो. घरी आलो की मस्तगडातल्या दुकानांवरून एक चक्कर, मंग परत एक. बायको म्हणते, पायाला भिंगरी लागली का तुमच्या. अमोलनं पेपरात द्यायला चार ओळी मागितल्या होत्या. जन्म, नोकरी, परिवार, स्वभाव मनमिळाऊ. मनमिळाऊ लिहायला पेन टेकवलं आणि मला हसू आलं. तुम्ही आणि मनमिळाऊ. मी त्याला म्हणलं, तूच लिही बाबा, मला तुझ्या बापाशी बोलायचंय, त्याच्याविषयी न्हाई.

तर बोलतो. आज तुम्हाला मध्ये तोडता येणार न्हाई, "थांब वसंता, तू उलटं सांगून राह्यला" असं म्हणता येणार न्हाई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझं वाक्य पुरं करायला मिळून राह्यलं. त्याचं काही सुख होत न्हाई, पण मिळालंय तर घेतो.

आपलं भांडण अर्धवट आहे. तुम्ही म्हणत होते, गळती स्वैपाकघराच्या भिंतीत आहे. मी म्हणत होतो, वरच्या मजल्यावर, बाथरूमच्या फरशीखाली. शेवटच्या रविवारी या एका गोष्टीवरून आपण इतके तापलो की ताईनं दोघांपुढचा चहा उचलून नेला आणि म्हणाली, आधी भांडून घ्या, मंग गरम करून देते. मी चहा न घेता गेल्तो. तुम्ही गॅलरीतून ओरडले, "पुढच्या रविवारी छन्नी घेऊन ये, तुला दाखवतो." पुढच्या रविवारी मी आल्तो, दाजी. छन्नी पिशवीतच होती. तुम्ही आदल्या रात्री जेवून आडवे झाले ते उठलेच न्हाईत, आणि मी पाव्हण्यांच्या गर्दीत ती पिशवी हातात धरून उभा. कुणीतरी ती घेतली आणि चपलांच्या कपाटावर ठेवली. अजून तिथंच आहे.

मला तुमचा राग येतो. खरं सांगतो. रडू येतं ते नंतर, आधी राग येतो. हा काय प्रकार झाला, वाद लावायचा आणि उठून जायचं?

पाणी कमी पडायला लागलं ते तुमच्या झटक्यानंतर, हे आपल्या दोघांनाही मान्य होतं. नशीब, एवढं तरी मान्य होतं. डावी बाजू गेली. हात उचलायचा तर उजव्या हातानं डावा उचलायचा. चालणं काठीवर आलं, पण तोंड बिलकुल शाबूत राहिलं. दवाखान्यातून घरी आल्यावर तुमचं पहिलं फर्मान काय होतं, तर आंघोळ मी माझी करणार, दार लावून. ताई म्हणाली, अहो, पडाल. तुम्ही म्हणाले, पडलो तर आवाज येईल, तेव्हा ये.

अमोल पुण्याहून आला आणि त्यानं चार दिवसांत सगळं करून दिलं. वरच्या बाथरूममध्ये प्लास्टिकचा स्टूल, भिंतीला धरायला दांडी, हातात धरायचा शॉवर. त्या शॉवरला एक खटका, दाबला की पाणी, सोडला की बंद, म्हणजे एका हातानं भागतं. वरच्या टाकीचं पाणी तिथं जोरानं येत नव्हतं, म्हणून थंड पाण्याच्या लाइनीला छोटा पंप लावला. नळ सोडला की आपोआप चालू, बंद केला की आपोआप बंद. गरम पाणी आधीसारखंच गच्चीवरच्या सोलरमधून, आपल्या वजनानं खाली येणारं. काम चांगलं झालं होतं. तुम्ही पोराला एका शब्दानं चांगलं म्हणाले न्हाईत, पण मला फोन करून "येऊन बघ" म्हणाले. तेच तुमचं चांगलं.

पहिल्या आठवड्यातच तुमचा पाय भाजला. सोलरचं पाणी कडक होतं आणि डाव्या पायाला ते कळलंच न्हाई. तुम्ही मजेत आंघोळ करून बाहेर आले आणि ताईनं बघितलं तर पिंढरी लाल. त्या दिवशी ती माझ्यासमोर रडली. मला म्हणाली, "यांना गरम गार कळंना रे." तुम्ही तिकडं पेपर वाचत होते आणि म्हणत होते, "किरकोळ आहे, बरनॉल लाव."

मंग ते सुरू झालं. कुणी नळ सोडलेला न्हाई, घरात सगळे बसलेले, आणि पंप आपला आपण चालू होतोय. गुर्र करतो, थांबतो. थोड्या वेळानं परत गुर्र. आपल्या जालन्यात नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा न्हाई, आलेलं पाणी हौदात, हौदातून वरच्या टाकीत, आणि टाकी पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायची. ती मध्येच कोरडी पडायला लागली. ताई भांडी धुताना नळ बारीक करायची, फरशी पुसलेलं पाणी संडासात टाकायची, तरी टाकी रिकामी. वर सोलरचं पाणी कोमट यायला लागलं. तुम्ही खूश झाले. खोटं बोलू नका, झालेच होते. अंथरुणाला खिळल्यासारखा माणूस, त्याला काम मिळालं. फोनवर आवाज ऐकायला पाहिजे होता स्वतःचा. "वसंता, कुठंतरी पाणी मुरतंय. भिंतीत. शोधायचं."

आणि तुम्ही ताईचं लाटणं घेतलं.

ते मी सगळ्यांना सांगतो. लाटण्याचं एक टोक भिंतीला, दुसरं कानाला, डोळे मिटलेले, काठी बगलेत. ताई स्वैपाकघरातून विचारायची, पोळ्या करायच्या का आज भाकरीच थापू? तुम्ही हात वर करायचे, गप. आणि सगळ्यात आधी, दर वेळेला, एकच हुकूम, "पंप बंद करा." त्या गुरगुरीत काही ऐकू येत न्हाई म्हणून. मी खाली जाऊन बटन बंद करायचो, वर यायचो, तुम्ही ऐकत असायचे. कधी कधी मलाही लाटणं द्यायचे. मला काहीच ऐकू यायचं न्हाई. एकदा म्हणलं, माझ्याच कानातलं रक्त ऐकू येतंय. तुम्ही म्हणाले, मंग तू जिवंत आहेस, आता भिंतीचं ऐक.

स्वैपाकघरात ओट्याखाली तुम्हाला ऐकू आलं. मी छन्नी लावली. चार टाइल्स फुटल्या, प्लास्टर उडालं, पाइप दिसला. कोरडा ठणठणीत. तुम्ही म्हणाले, जरा डावीकडं. मंग जरा वर. ओट्याखाली माणूस बसेल एवढं भगदाड झालं, पाइप सगळीकडं कोरडा. ताईनं त्याच्यासमोर गव्हाचा डबा सरकवून ठेवला, म्हणजे दिसायला नको. मी म्हणलं, दाजी, वरची फरशी फोडू. तुम्ही म्हणाले, वरची फोडायची न्हाई, ती माझी बाथरूम आहे, मी आंघोळ कुठं करू? हे कारण झालं का? पण तुमचं तेच शेवटपर्यंत.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तरी सांगतो, कारण पुढचं ठाऊक न्हाई.

तुमचं सगळं झाल्यावर अमोल थांबला. त्यानं ताईला सरळ सांगितलं, आई, आता पुण्याला चल. इथं एकटी राहून काय करशील, या घरात पाणीही टिकत न्हाई. घर भाड्यानं द्यायचं, पुढंमागं विकायचं. भाडेकरू बघून ठेवला होता. मुलगा चांगला आहे दाजी, तुम्ही त्याला कमी समजले. आईला टाकून जाणारा न्हाई, म्हणून तर नेत होता. पण ताईचं तोंड मी बघितलं. ती "बरं" म्हणाली. आपल्या ताईला आपण दोघंही ओळखतो, ती खरंच तयार असती तर आधी दहा सबबी सांगितल्या असत्या. नुसतं "बरं" म्हणजे तिनं सोडून दिलं.

तिनं स्टीलचे डबे पुसून खोक्यात भरायला घेतले. मी विचारलं, "ताई, तुला जायचंय का?"

"टँकर किती दिवस मागवू, वसंता? अन् वर चढून टाकी कोण बघणार? मला गुडघ्यानं चढवतं का?"

"पाणी टिकलं तर?"

तिनं हातातला डबा खोक्यात न टाकता खाली ठेवला. मंग म्हणाली, "टिकलं तर मी कुठं जाऊन राह्यले."

बस. एवढंच होतं. अमोलची रजा संपायच्या आत गळती सापडली तर माझी बहीण तिच्या घरात राहणार, न्हाई सापडली तर पुण्याच्या सातव्या मजल्यावर जाणार, जिथं तिला लिफ्टचं बटन दाबायची भीती वाटते. मी ऑफिसात रजा टाकली. साहेब म्हणाले, अजून कोण गेलं? मी म्हणलं, कुणी न्हाई, नळाचं काम आहे.

एक मिस्त्री आणला. त्यानं घर फिरून बघितलं आणि म्हणाला, सगळी लाइन नवीन टाका, बाहेरून. म्हणजे घर उकलायचं. अमोल म्हणाला, मामा, विकायच्याच घरात एवढा खर्चा कशाला? मला वाटलं, दाजी असते तर या पोराच्या अंगावर लाटणं फेकून मारलं असतं. पण तो म्हणत होता ते बराबर होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

मी वरच्या बाथरूमची फरशी फोडायची ठरवली. माझा अंदाज, माझा हट्ट. तुम्ही अडवायला नव्हते. कपाटावरच्या पिशवीतून छन्नी काढून दारापर्यंत गेलो, आत तुमचा स्टूल बघितला आणि परत फिरून ती होती तिथं ठेवली. आज न्हाई, म्हणलं, उद्या. बसवेना म्हणून गच्चीवर गेलो. टाकीत डोकावलो, किती उतरली बघितलं. सोलरला एक चक्कर मारली. ऊन असं होतं की चप्पल चिकटत होती. गच्चीवर आपण दोघांनी किती वेळा बघितलं असेल, दाजी. म्हणजे मी बघायचो आणि तुम्ही जिन्याच्या खालून विचारायचे, "ओल दिसते का?" मी म्हणायचो, न्हाई, कोरडं आहे. आणि ते खरंच होतं.

मी सोलरच्या मागं, कठड्याच्या सावलीत टेकलो. सोलरच्या टाकीवरून हवेसाठी जो उंच पाइप गेलाय ना, वर वाकवून खाली तोंड केलेला, त्याच्या बरोबर खाली. खाली घरात पंप चालू झाला. गुर्र. आणि त्या पाइपातून भसकन पाणी माझ्या खांद्यावर पडलं.

कोमट पाणी.

मी हललो न्हाई. पंप थांबला, पाणी थांबलं. दोन-चार थेंब. कठड्याच्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचं भोक आहे, पाणी सरळ त्यात गेलं, आणि फरशीवर राहिलं ते उन्हानं बघता बघता उडालं. थोड्या वेळानं परत गुर्र, परत भसकन. त्या भोकाचा पाइप खाली कुठं जातो ते मला ठाऊक होतं, कारण तो तुम्हीच माझ्याकडून जोडून घेतला होता, पावसाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून, बोअरजवळच्या शोषखड्ड्यात. इतके महिने टाकीतलं पाणी वरून निघून खड्ड्यात मुरत होतं. तुम्ही म्हणाले होते मुरतंय, ते शब्दाला शब्द खरं होतं.

आणि आपल्याला का दिसलं न्हाई? मी तिथंच बसून मोठ्यानं हसलो, दाजी, शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई बघायला लागली. आपण शोधायला लागलो की तुम्ही आधी पंप बंद करायला लावायचे. पंप बंद, की गळती बंद. आपण दोघं इतके महिने, लाटणं लावून, छन्नी लावून, एक अशी गळती शोधत होतो जी आपण शोधायला लागलो की थांबायची. त्या दिवशी पंप चालू राहिला, कारण बंद करा म्हणायला घरात कुणी नव्हतं. हसता हसता मला रडू कधी फुटलं ते कळलं न्हाई. मी तिथंच ओल्या सदऱ्यानं रडलो. स्मशानात रडलो नव्हतो तेवढं.

मंग डोकं चालायला लागलं. पंप आहे थंड पाण्याला. पाणी येतंय सोलरमधून. थंडाचं पाणी गरमाच्या लाइनीत शिरलं कुठून? दोन्ही लाइनी पूर्ण घरात एकाच ठिकाणी भेटतात, वरच्या बाथरूमच्या गरम-गार मिक्सर नळावर. मी खाली आलो. शॉवर आपल्या जागी टांगलेला, खटका सुटा, एक थेंब पडत नव्हता. आपण दोघंही "सगळे नळ बंद" म्हणायचो ते याच्यावरून. पाणी पडत न्हाई म्हणजे नळ बंद. पण मिक्सरच्या दोन चाव्या बघितल्या तर गरमाची पूर्ण उघडी, थंडाची अगदी जराशी. पाणी खटक्यानं अडवलेलं, चाव्यांनी न्हाई. आत दोन्ही पाणी एकमेकांना भेटलेलं, पंपाचा जोर जास्त, तो गरमाला मागं ढकलतोय, वर सोलरच्या टाकीत, आणि तिथून हवेच्या पाइपातून बाहेर. थंड पाण्याच्या टाकीकडं परत जायची वाट सोलरवाल्यांनी व्हॉल्व्ह लावून बंद केलेली, म्हणून ते वरूनच सांडायचं. ना भिंत, ना फरशी. ना तुमचं खरं, ना माझं.

मी चावी बंद करायला हात पुढं केला.

"त्याला हात लावू नको."

ताई दारात उभी होती. हातात खोक्याला बांधायची सुतळी. इतक्या हळू म्हणाली की मला आधी कळलंच न्हाई.

"ताई, याच्यातूनच..."

"त्यांच्यापुरतं लावून ठेवलेलं आहे ते."

मी हात मागं घेतला. तिनं मंग सांगितलं, उंबऱ्यावर बसून, मला न बघता. पाय भाजल्यावर ती रोज सकाळी तुमच्या आधी आत जायची. मनगटावर पाणी घेऊन दोन्ही चाव्या फिरवत बसायची. पाणी कोमट यायला लागलं तशी ती गरमाची उघडत गेली, थंडाची मिटत गेली, शेवटी एका जागी जमलं. तुम्हाला एका हातानं चाव्या फिरवता यायच्या न्हाईत, चुकून कडक पाणी येईल म्हणून त्या ती पहिल्या दिवसापासूनच तशा उघड्या सोडून यायची. तुम्ही आत जायचे, दार लावायचे, खटका दाबायचे, आणि पाणी तुमच्यापुरतं. तुम्हाला कळलं होतं का हो? का तुम्हाला वाटत होतं की सोलरचंच पाणी शहाणं झालं? तुम्ही गेल्यावर तिनं बाथरूम धुतली, स्टूल धुतला, चाव्यांच्या भोवतीनं फडकं फिरवलं, पण त्यांना हात लावला न्हाई. स्वतः खाली बादलीनं आंघोळ करत होती.

अमोल मागून आला आणि त्यानं सगळं ऐकलं. तो इंजिनिअर माणूस, त्याला एका क्षणात कळलं. म्हणाला, "म्हणजे नुसत्या या चाव्या बंद केल्या की झालं? आई, मंग कर ना बंद." त्याचं काही चुकलं न्हाई, दाजी. सोपं होतं ते. दोन बोटांचं काम. आईला घर मिळत होतं. पण ताई उठली आणि खाली गेली. तिचा तोंडाला लावलेला पदर मी बघितला, त्यानंही बघितला. तो चावीकडं हात न्यायला लागला. मी त्याचं मनगट धरलं. जरा जोरातच धरलं असेल, कारण तो म्हणाला, मामा, दुखतंय.

मी म्हणलं, "दुसरा उपाय आहे. गरमाच्या लाइनीला वर एक व्हॉल्व्ह बसवू, पाणी खाली येईल, उलटं वर जाणार न्हाई. मंग चाव्या उघड्या राहू दे न्हाईतर बंद."

"पण बंदच केल्या तर व्हॉल्व्ह कशाला?"

काय सांगू त्याला. माझे वडील गेले तेव्हाचं आठवलं. परतूरला घरात सगळे रडून राह्यले, तुम्ही नवे जावई, तुम्हाला सांत्वन करता येत नव्हतं, अजिबात. कुणाच्या खांद्यावर हात ठेवता येत नव्हता. तुम्ही मागं गेले आणि अंगणातला हापसा उघडला, जो वर्षभर हवा ओढत होता. दुपारभर तेल-ग्रीसमध्ये हात घालून बसले. माझी आई खिडकीतून बघत होती. संध्याकाळी हापशाला पाणी आलं आणि ती पहिल्यांदा जेवली. मी तेव्हा तुम्हाला थँक्यू म्हणायला हवं होतं, पण साला-दाजीत तसलं कुठं बोलतात. तुम्हीच म्हणाले असते, याला काय झालं. आज म्हणून टाकतो. आता तुम्ही मला अडवू शकत न्हाई.

अमोलला मी हे काही सांगितलं न्हाई. म्हणलं, "चल, दुकान बंद होईल."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं गच्चीवर अर्ध्या तासात व्हॉल्व्ह बसवला. मी हवेच्या पाइपाखाली उभा राहिलो, अमोल खाली बाथरूमच्या दारात, चाव्या जशाच्या तशा उघड्या. पंप एकदा गुरगुरला आणि थांबला. आम्ही वाट बघत राहिलो. मी उन्हात, तो दारात. परत चालू झाला न्हाई. दुपार झाली, संध्याकाळ झाली, पंप गप. घर एवढं शांत मला ऐकायची सवयच राहिली नव्हती. सकाळी टाकी बघितली तर पाणी रात्रीच्याच खुणेवर होतं. अमोल टाकीत वाकून बघत राहिला, बराच वेळ, आणि सरळ झाला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "बाबांना सांगायला पाहिजे होतं." मी म्हणलं, सांगतो मी.

ताईनं मला एकटं गाठलं. "वसंता, खरं सांग. मी चाव्या उघड्या ठेवल्या म्हणून पाणी जात होतं का?"

दाजी, या प्रश्नाला मी दोन दिवसांपासून घाबरून होतो. मी म्हणलं, "व्हॉल्व्ह बसवायला पाहिजे होता. तो पंप लावतानाच बसवायचा असतो. नव्हता म्हणून गेलं." यात खोटं काही न्हाई. तिनं ते ऐकून घेतलं. तिला कळलं का न्हाई ते मला कळलं न्हाई. मंग तिनं विचारलं, "आता तशाच राहू दिल्या तर जातं का पाणी?"

"न्हाई जात."

"मंग राहू दे."

अमोल एकटा पुण्याला गेला. जाताना ओट्याखालचं भगदाड बुजवायला मिस्त्री सांगून गेला. मी मिस्त्रीला म्हणलं, थोडं थांब, त्याची घाई न्हाई. एवढी तुमची चूक नजरेसमोर राहू दे काही दिवस. वाद जिंकायला आता दुसरं काही उरलं न्हाई माझ्याकडं.

आज सकाळी ताईचा फोन आला. मी बदनापूरला स्टेशनावर नुकताच उतरलो होतो. आवाज घाबरल्यासारखा, मला वाटलं परत पंप. म्हणाली, आज वरच्या बाथरूममध्ये गेले, खटका दाबला, तर पाणी कडक आलं. हात पोळला. चाव्या तिथंच आहेत, कुणी फिरवल्या न्हाईत, तरी कडक.

मी प्लॅटफॉर्मवर उभाच राहिलो. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. थंड पाणी सोलरमध्ये शिरायचं थांबलं, म्हणून सोलर आधीसारखं तापायला लागलं. चाव्या तिथंच, पण पाणी ते राहिलं न्हाई. मीच ते बिघडवलं, दुरुस्त करून. गाडी निघून गेली, लोकं जिना चढून गेली.

मी म्हणलं, "ताई, मी संध्याकाळी येतो."

"काही नको येऊ," ती म्हणाली. "मी केलं बराबर. तासभर बसले त्यांच्या स्टुलावर. गरमाची बरीच मिटवली, थंडाची जरा सोडली. मनगटावर घेऊन घेऊन बघितलं. जमलं परत. त्यांच्यापुरतं."

मंग म्हणाली, "तिथंच आंघोळ केली मी. गार लागतं रे मला ते पाणी."

मी म्हणलं, "मंग वाढव ना गरम. तुझ्यापुरतं कर."

"न्हाई," ती म्हणाली. "होईल सवय."